काल्ची कडी, लालबुंद सासरे आणि बांगड्यावरचा संशय

परसातली, शुक्रवार ११ ऑक्टोबर, रात्री ९:५२

गोंयकारांनो आणि इतर मासेखाऊंनो, जरा डोकं लावा. घरात दोन दिवस एकच विषय चालू आहे आणि मला आता त्याचा कंटाळा आलाय.

बुधवारी दुपारी बांगड्यांचं हुमण (मासळीची कडी) केलं. नेहमीचंच, तेफळं (तिरफळं) घालून. सासऱ्यांनी (वय ७४) दोन बांगडे खाल्ले, हात धुतले, आरामखुर्चीत टेकले, आणि दहा-पंधरा मिनिटांत चेहरा आणि मान लालबुंद. कान तापलेले, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. आम्ही घाबरून बीपीचं मशीन लावलं तर आकडा उलट नेहमीपेक्षा थोडा खालीच. तासाभरात पाठीवर गांधी उठल्या. संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप उतरलं. पित्त, म्हणून सोडून दिलं.

गुरुवारी सकाळी नवऱ्याने उरलेलं हुमण आटवून काल्ची कडी करायला सांगितली. (गोव्याबाहेरच्यांसाठी: आदल्या दिवशीचं हुमण मंद आचेवर घट्ट होईपर्यंत आटवायचं आणि सकाळी पोळीबरोबर खायचं. पोळी म्हणजे पदेराची (पाववाल्याची), कोंडा लावलेली. चपाती नव्हे.) हुमण रात्रभर फ्रिजमध्ये होतं. मी स्वतः दहा मिनिटं खदखदवलं. अर्ध्या तासात नवऱ्याचं तोंड सासऱ्यांसारखं! मुलीने बुधवारी शेपटाकडचा एक तुकडा खाल्ला होता, तिला काही नाही. मी त्या दिवशी सुंगटांवर (कोळंबीवर) भागवलं होतं.

शेजारची बाय म्हणते, फॉर्मेलिन. सासूबाई म्हणतात, शिळं बाधलं. पण सासऱ्यांनी तर ताजं खाल्लं होतं ना! बांगडे दिसायला झकास होते, कल्ले लाल, वास नाही. फॉर्मेलिन घरी ओळखता येतं का? कसलं किट मिळतं म्हणे.

---

कोकमसार, रात्री १०:१५

फॉर्मेलिन पोटात गेलं असतं तर सासरे अजून पन्नास वर्षं टिकले असते. (ह. घ्या.)

---

झुआरीपार, रात्री १०:४०

हसू नका राव. जुलै २०१८ विसरलात? मडगावच्या घाऊक बाजारात एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) माणसं तपासणीला आली, जागेवरच्या चाचणीत फॉर्मेलिन सापडल्याचा बोभाटा झाला आणि मग खुलासा आला की प्रमाण 'मर्यादेत' आहे. ज्या रसायनाला मासळीत परवानगीच नाही त्याची मर्यादा कसली? मग बाहेरच्या राज्यांतल्या मासळीवर पंधरा दिवस बंदी, नोव्हेंबरात पुन्हा बंदी. आमच्याकडे तीन महिने अंडी आणि आळसांदे (चवळी). आईने तर गणपतीनंतरही नुस्त्याला (मासळीला) हात लावला नाही, आणि आमच्या आईने नुस्तें सोडणं म्हणजे काय ते गोंयकारालाच कळेल.

ताई, माझा सरळ संशय फॉर्मेलिनवर.

---

परीक्षानळी, शनिवार १२ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

नोकरीची ३१ वर्षं अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत गेली. निवृत्त आहे, पहाटे जाग येते, म्हणून लांब लिहितो.

आधी दोन प्रश्न, परसातली. एक, बांगडे किती वाजता घेतले आणि किती वाजता फ्रिजमध्ये किंवा चुलीवर गेले? नीट आठवून लिहा, अर्धा तास इकडेतिकडे नको. दोन, घरात कुणाला टीबीची आयसोनियाझिड गोळी चालू आहे का?

फॉर्मेलिनबद्दल. ते म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण, साधारण ३७ ते ४० टक्क्यांचं. शवागारात आणि प्रयोगशाळेत नमुने टिकवायला वापरतात. मासळीत घालणं बेकायदेशीर आहे आणि का, हे वेगळं सांगायला नको. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, मुख्यतः श्वासातून जातं तेव्हा. पण पानावरून उठता उठता तोंड लाल करणं हे त्याचं लक्षण नव्हे.

झुआरीपार यांच्या रागाबद्दल. राग योग्य आहे, पण एक गोष्ट लक्षात घ्या. काही मासळीत मेल्यानंतर फॉर्मल्डिहाइड आपसूकही तयार होतं. बोंबील हे त्याचं ठळक उदाहरण, त्यात कुणी काही घातलेलं नसतं तरी ते सापडतं. त्यामुळे 'अजिबात नको' हा नियम आणि 'थोडं आपलं आपण असतंच' ही वस्तुस्थिती यांची गल्लत होते आणि मग अधिकारी कॅमेऱ्यासमोर 'मर्यादा' असं काहीतरी बोलून जातात.

किट आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलंय, कागदाची पट्टी मासळीवर घासायची, वर थेंब टाकायचा, रंग बदलला तर संशय. पण तुमच्या घरात जे झालं त्याला ही पट्टी काही सांगणार नाही.

---

परसातली, सकाळी ८:०५

काका, टीबीची गोळी कुणालाच नाही. वेळा लिहिते. लाज वाटते पण लिहिते.

आमच्या गावच्या बाजारात साडेनऊला घेतले. फळीवर मांडलेले होते, बर्फ नव्हता, बाई वरून पाणी शिंपडत होती. मी विचारलं, "ताजें मगो?" तर म्हणाली, "आत्ताच देंवलां गो बाय." पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली. मग बँकेत केवायसी. तिथे एक तास. मग ब्लाऊज टाकायचे होते. मग दिवाळीचे आकाशकंदील आलेत का ते बघायला उगाच एका दुकानात. घरी पोचायला बारा. साफ करून मीठ-हळद लावून ओट्यावर ठेवले, पाऊणला फोडणी, म्हणजे कडी उकळायला लागली तेव्हा एक वाजत आला होता.

ऑक्टोबरचं ऊन, उन्हात उभी स्कूटर, बंद डिकी. लिहिताना कळतंय मला.

---

परीक्षानळी, सकाळी ८:५०

लाज कसली. निम्म्या गोव्याची डिकी अशीच असते.

हे बहुतेक हिस्टामिनचं प्रकरण आहे. मी डॉक्टर नाही, पण चित्र पुस्तकातलं वाटतं. बांगडा, तारली, कुपा (म्हणजे ट्यूना) या मासळीच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी गरम राहिली की कल्ल्यांतले आणि आतड्यातले जिवाणू त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन म्हणजे ॲलर्जीत आपलं शरीर जे सोडतं तेच, फक्त इथे ते ताटातून आयतं येतं. म्हणून लाली, गांधी, डोकेदुखी, धडधड. बीपी खाली जाणं हेही त्यातच बसतं, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. सुरुवात काही मिनिटांपासून तासाभरात, आणि बहुधा त्याच दिवशी सगळं ओसरतं.

आता तुमच्या काल्च्या कडीचं कोडं. हिस्टामिन उकळून जात नाही. तळून जात नाही, गोठवूनही जात नाही. तुम्ही दहा मिनिटं खदखदवलंत, त्यात जिवाणू मेले असतील, पण त्यांनी आदल्या दिवशी जे करून ठेवलं होतं ते मडक्यातच राहिलं. सासूबाईंना सांगा, शिळं बाधलं नाही. कच्चं असतानाच बाधलेलं होतं.

मुलगी वाचली याचंही कारण आहे. हिस्टामिन सगळ्या माशात सारखं पसरत नाही. पोटाकडे जास्त, शेपटाकडे कमी, एका बांगड्यात भरपूर तर शेजारच्यात नाममात्र. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत किलोमागे २०० मिलिग्रॅम ही सीमा आहे, आणि ती ओलांडली तरी वास येईलच असं नाही. कल्ले लाल, डोळे टपोरे, मांस दाबल्यावर वर येणारं, हे सगळं बघावंच, पण हिस्टामिन त्या परीक्षेत पास होऊ शकतं. कधी कधी जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते. तेफळांच्या हुमणात ती कुणाला कळणार!

आयसोनियाझिड विचारलं कारण शरीरात हिस्टामिन मोडणारी यंत्रणा ती गोळी अडवते. अशा माणसाला थोडंही जास्त बाधतं.

आणि हे महत्त्वाचं: डॉक्टरांना सांगताना 'मासळीची ॲलर्जी' असं आपणच ठरवून सांगू नका. दोघांना एकाच मडक्यातून झालं, हे आवर्जून सांगा. ॲलर्जी असा शिक्का बसला तर सासऱ्यांचं नुस्तें जन्माचं सुटेल. मात्र श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर असली चर्चा न करता १०८ ला फोन.

---

झुआरीपार, सकाळी ९:२०

काका, म्हणजे सगळा दोष ताईंच्या साडेतीन तासांचा?

---

परीक्षानळी, सकाळी ९:३५

नाही. ते शेवटचे साडेतीन तास. होडीवर किती, जेटीवर किती, टेम्पोत किती, फळीवर किती, ते आपल्याला दिसत नाहीत. मासळीचा गरम राहण्याचा वेळ जमा होत जातो, उणे होत नाही. मध्ये बर्फात ठेवली तर मीटर थांबतं, शून्यावर येत नाही.

---

नुस्तेकाराचो_पूत, सकाळी ११:१०

मीटर शब्द आवडला. आमच्या घरात तीन पिढ्या मासळीचाच धंदा, त्यामुळे आमच्या बाजूनेही ऐका.

एक जून ते ३१ जुलै ६१ दिवस ट्रॉलर बंद. ऑगस्टात सुरू झाले की काही त्याच दिवशी परततात, काही चार-पाच दिवस बाहेर असतात. दोन्हीकडची मासळी एकाच बाजारात, एकाच फळीवर. मासळी एक किलो तर बर्फ एक किलो, असा आपल्या हवेतला हिशेब मत्स्यखात्याच्या शिबिरात शिकवतात. होडीवर तो बऱ्यापैकी पाळला जातो, कारण तिथे माल खराब झाला तर नुकसान आमचं. खरा घोळ बाजारात.

कारण ऐका आणि रागावू नका. गोंयचं गिऱ्हाईक बर्फातल्या नुस्त्याला शिळं समजतं. माझी आई सकाळी बर्फात गाडलेले बांगडे काढून, धुऊन, फळीवर मांडते, पाणी शिंपडून चकाकवते. बर्फासकट मांडले तर बायका नाक मुरडून पुढे जातात, "बर्फाचें नाका." शेजारणीचे बिनबर्फाचे खपतात आणि आईचे तसेच. दोन वेळा करून बघितलं. मग तिनेही सोडून दिलं.

रापणीचं वेगळं. किनाऱ्यावर जाळं ओढलं, तासाभरात पाटीत, तिथेच विकलं. त्याला बर्फ न लावताही चालतं कारण मध्ये वेळच नसतो. पण रापणीचं म्हणून विकलं जाणारं सगळं रापणीचं असतं असं मी आईशपथ सांगणार नाही.

तेव्हा ताई, पुढच्या वेळी बाईला म्हणा, "म्हाका बर्फांतलें दी." पेटीतून काढून देईल. आधी दचकेल, पण देईल.

---

आजीचा_बटवा, दुपारी १२:००

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय. आमच्या आजीने फ्रिज न बघता ९१ वर्षं काढली. काल्ची कडी रोज. हिस्टामिन-बिस्टामिन काही नाही. माणसं नाजूक झालीत.

---

परीक्षानळी, दुपारी १२:४५

आजींना नमस्कार. त्या काटक असतीलच. पण त्यांचं नुस्तें कुठून यायचं तेही सांगा. नदीतलं किंवा रापणीचं, पाटी डोक्यावर घेऊन बाई दारात, आणि दोन तासांत चुलीवर. तामिळनाडूहून ट्रकने आलेलं नव्हे. आणि काल्ची कडी त्या कशा ठेवायच्या? रात्री जेवणं झाल्यावर बुडकुलं (मातीचं छोटं मडकं) पुन्हा निखाऱ्यावर, एक कढ, मग झाकण, आणि सकाळी पुन्हा कढ. त्यात सोलांचा किंवा चिंचेचा आंबटपणा. आजी बिनफ्रिजच्या होत्या, पण बेफिकीर नव्हत्या.

आपण मात्र आजीचं निम्मंच उचलतो. दुपारी केलेली कडी संध्याकाळपर्यंत ओट्यावर, रात्री आठवण झाली की फ्रिजमध्ये, सकाळी मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट, मध्यभाग कोमट. ५ ते ६० अंश हा जिवाणूंचा सुगीचा टापू, त्यात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

भाताचं तर जास्तच. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजवूनही जिवंत राहतात. भात मोठ्या टोपात गरम राहिला की ते रुजतात आणि एक विष सोडतात, तेही पुन्हा गरम करून जात नाही. भात लवकर पसरून निववा आणि फ्रिजमध्ये टाका. पावसाळ्यात रानातली ओळमी (अळंबी) आणतात, त्यांचीही हीच गत. विषारी अळंबी उकळली, चांदीचा चमचा काळा झाला का बघितला, तांदूळ घातले, कशानेही कळत नाही आणि विष जात नाही. वारुळावरची ओळमी ज्याला लहानपणापासून ओळखता येतात त्याच्याकडूनच घ्यावीत. 'नीट शिजवलं की सगळं मरतं' हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ते अर्धंच खरं आहे. जिवाणू मरतात.

---

आजीचा_बटवा, दुपारी १:०५

बुडकुल्याचं अगदी बरोबर सांगितलंत. रात्रीचा कढ मी विसरलेच होते. बाकी मान्य नाही, पण हे मान्य.

---

पर्वरीतला_पुणेकर, दुपारी ३:३०

मी चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन पर्वरीला आलो. हा धागा वाचून मासळी बंद करावी असं वाटू लागलंय. तसाही मी हल्ली आरोग्याकडे फार लक्ष देतो. सकाळी मल्टिग्रेन बिस्किटं आणि पाकिटातला फळांचा रस, अकरा वाजता प्रोटीन बार, दुपारी भात कमी करून दोन पोळ्या (इथल्या, कोंड्याच्या), रात्री सूप. साखर मात्र काठावर आलीय, डॉक्टर म्हणतात सांभाळा. मासळी सोडून टोफूवर जावं का?

---

तांबडी_भाजी, दुपारी ४:२०

अहो काका, तुमच्या यादीत घातक काही असेल तर बांगडा सोडून बाकीचं!

सांगते. माझ्या आईला १६ वर्षं मधुमेह आहे, त्यामुळे पाकिटं उलटी करून वाचायची सवय लागली. घटकांच्या यादीत वजनाने सगळ्यात जास्त असलेला घटक पहिला लिहावा लागतो, हा नियम आहे. तुमचा मल्टिग्रेन पुडा उलटा करा. पहिला मैदा, दुसरी किंवा तिसरी साखर, मग पाम तेल, आणि शेवटी नाचणी, ज्वारी दोन-दोन टक्के असं निघालं तर मला कळवा. फळांच्या रसावर 'शंभर टक्के' लिहिणं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जून २०२४ मध्ये काढायला लावलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ऑनलाइन दुकानांना 'हेल्थ ड्रिंक' या कप्प्यातून दूध, धान्य, माल्टची पेयं हलवायला सांगितलं, कारण कायद्यात तशी व्याख्याच नाही. पुढची बाजू जाहिरात, मागची बाजू माहिती.

पोळीचं तर सांगूच नका. एके काळी सूर (माडी) घालून आंबवलेली, गव्हाच्या जाड पिठाची. आता बऱ्याच ठिकाणी आत मैदा आणि बाहेर कोंडा भुरभुरवलेला. पदेराला विचारा, ओळखीचा असेल तर खरं सांगतो. आमच्या पदेराने सांगितलं, "बाय, गंवाची करीन, पूण कोण घेतलो?"

आणि हा आकडा घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के, गोव्यात २६.४. सगळ्या राज्यांत पहिला नंबर आपला. चौघांत एकापेक्षा जास्त. फॉर्मेलिनवर मोर्चे निघाले, यावर एकही नाही.

आईला डॉक्टरांनी मासळी सोडायला सांगितली नाही. उलट तारल्या, बांगडे खा म्हणाले, ओमेगा-३ साठी. आणि लहान मासळीत पाराही कमी असतो. मोठ्या शिकारी माशांत, मोरीसारख्या (म्हणजे शार्क), तो साठत जातो, म्हणून गरोदर बायकांनी मोरीचं आंबटतीक टाळावं. फक्त रव्यात घोळून तेलात पोहणारा बांगडा रोज नको. हुमण चालतं. आमच्याकडे भात उकड्या तांदळाचाच, पण मोजून, वाटीने. तूस असतानाच उकडल्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, पॉलिश केल्यावर सगळी जात नाहीत. म्हणून डोंगर करून खायचा परवाना मिळत नाही, हे आईला सांगायला मला दोन वर्षं लागली.

---

पर्वरीतला_पुणेकर, दुपारी ४:५५

पुडा उलटा केला. पहिला मैदा. दुसरी साखर. नाचणी १.२ टक्के.

पोळी तरी सोडायला लावू नका हो.

---

खोला_मिरची, संध्याकाळी ६:१०

अवांतर. मासळीवर एवढी चर्चा आणि जत्रेतल्या गोबी मंचुरियनवर कुणीच नाही? म्हापसा नगरपालिकेने २०२४ च्या सुरुवातीला बंदी घातली तेव्हा देशभर हसले आपल्याला. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहातही स्टॉल आवरायला लावले होते. कारण तो भडक लाल रंग, आणि कसलंकसलं सॉस. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकने मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि बुढ्ढी के बालमधलं रोडामिन-बी बंद केलं तेव्हा हसणारे गप्प झाले. रोडामिन-बी हा कपड्यांचा रंग, खायचा नव्हेच.

मी जत्रेत खाते, लपवत नाही. पण लालभडक असेल तर नाही, आणि तेल काळं, फेसाळ दिसलं तर नाही. तळणीचं तेल कुठवर वापरावं यालाही २०१८ पासून मर्यादा आहे, त्यातली पोलर संयुगं (तेल तापून खराब होताना तयार होणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते फेकायचं. मोजणार कोण, ते विचारू नका. आणि मिरच्यांच्या भजी वर्तमानपत्रात बांधून देतात त्याला तर नियमानेच बंदी आहे, शाई तेलात उतरते म्हणून. मी घरून डबा नेते. भजीवाला मला 'डब्याची बाय' म्हणतो.

---

झुआरीपार, संध्याकाळी ७:००

परीक्षानळी काका, समजा मला खरोखर एखाद्या दुकानातल्या मालाचा संशय आला. फेसबुकवर बोंब मारण्यापलीकडे काय करता येतं?

---

परीक्षानळी, संध्याकाळी ७:४०

येतं, आणि फारच थोड्यांना माहीत आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या ४० व्या कलमाखाली साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एक: विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. नमुना नापास झाला तर फी परत मिळते. ते नको असेल तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर तक्रार, नाहीतर बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहेच. हॉटेलच्या, दुकानाच्या बिलावर १४ आकडी परवाना क्रमांक असायला हवा, तो तक्रारीत लिहा, काम सोपं होतं.

सगळ्यात उपयोगी पुरावा म्हणजे उरलेलं अन्न. लोक रागाने आधी तेच फेकून देतात. घट्ट डब्यात, फ्रीजरमध्ये, वर तारीख लिहून ठेवा. परसातली, तुमच्याकडे कडी उरली आहे का?

---

परसातली, रात्री ९:१५

नाही हो काका. मांजराने खाल्ली. मांजर व्यवस्थित आहे.

आज नुस्तेकाराच्या पुताचं ऐकून बाजारात गेले. थर्माकोलची पेटी मावशीकडून मागून आणली, ती डिकीत मावेना, पुढे पायाशी ठेवली. त्याच बाईला म्हटलं, "म्हाका बर्फांतलें दी." तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शिळं मागतेय. मग खालची पेटी उघडली. वांटो (वाटा) तोच, भाव तोच, बांगडे दगडासारखे ताठ. अर्धा किलो बर्फही दिला, वरून म्हणाली, "आयज किते जालां तुका?" सगळी कामं आधी उरकली होती, बाजार शेवटी. अकरा मिनिटांत घरी. आणखी एक केलं: नुस्त्याची आदोळी (विळी) आणि भाजीची आदोळी वेगळी होतीच, पण कापायचा फळा एकच होता. तोही आता दुसरा आणला.

सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेलं. काका, तुम्ही सांगितलंत तसं सगळं सांगितलं, एकाच मडक्यातून दोघांना, आणि वेळा. डॉक्टर वेळांची चिठ्ठी बघून हसले, म्हणाले, ही ॲलर्जी वाटत नाही. खारं मात्र कमी करा म्हणाले, बीपीसाठी, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ. सासऱ्यांनी मेमध्ये पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) घेतलेले सुके बांगडे आणि तोरांची (खारातल्या कैऱ्यांची) बरणी आठवून असा उसासा टाकला की डॉक्टरांनी फाईल बंद केली.

घरी आल्यावर हुमण वाढलं तर आधी दहा मिनिटं नुसते बघत बसले. मग म्हणाले, "आधी तू खा."

खाल्लं. मग त्यांनीही दोन.

---

नुस्तेकाराचो_पूत, रात्री ९:३०

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, उद्यापासून एक पेटी फळीवर उघडी ठेवते, बघूया कोण विचारतंय.

---

पर्वरीतला_पुणेकर, रात्री ९:४८

हुमणात तेफळं ठेचून घालता की अख्खी? बाजारातून आणलीत खरी, पण काळी बी कडू लागली.

---

परसातली, रात्री ९:५५

बी काढून टाकायची हो काका! नुसती सालं, हलकी चेचून, कडी उतरवायच्या जरा आधी.